चुनाळ्यातला चुना

(पिवळी पाटी. लोकल सुटते, फलाट रिकामा होतो.)

चुनाभट्टी. हार्बर लाइनवर कुर्ल्याच्या अलीकडचं स्टेशन. इथं उतरून भट्टी शोधायला निघालात तर इमारती सापडतील, भट्टी नाही. चुना भाजायच्या भट्ट्या इथं होत्या. त्या गेल्या, नाव तेवढं पाटीवर राहिलं. पेटती भट्टी बघायला आम्हाला यवतमाळ जिल्हा गाठावा लागला.

(राजूर. पहाट. भट्टीच्या तोंडावरचा धूर.)

वणी तालुक्यातलं राजूर. जमिनीत चुनखडी आणि शेजारी कोळशाच्या खाणी. चुना भाजणाऱ्याला आणखी काय हवं? भट्टी उभी, एखाद्या मोठ्या विहिरीसारखी, फक्त जमिनीच्या वर बांधलेली. माथ्यावरून चुनखडीचा थर टाकायचा, त्यावर कोळशाचा, पुन्हा चुनखडी, पुन्हा कोळसा. आग खालून वर चढत जाते. भाजलेला माल तळाच्या तोंडातून ओढून काढायचा आणि वर नवा थर द्यायचा. ही चूल सहसा विझू देत नाहीत.

आत काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून शाळेच्या फळ्यावर जाऊ. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सूत्र सीए सीओ थ्री. साधारण ९०० अंश सेल्सिअसला हा दगड फुटतो, म्हणजे त्याचे तुकडे होत नाहीत, पण त्याच्या पोटातला वायू सुटतो. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे राहतो सीए ओ. हाच कळीचा चुना.

(दोन हात. डाव्या हातात कच्चा दगड, उजव्यात भाजलेला.)

हे दोन दगड बघा. आकार जवळपास सारखा. पण उजवा हात वर राहिलाय, डावा खाली गेलाय. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत गेली की छप्पन किलो कळी बाहेर येते. बाकीचे चव्वेचाळीस किलो हवेत. हे वजन कुठं जातं ते स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं १७५६ साली तराजू लावून दाखवलं. भट्टीवरच्या माणसांना तराजू लागत नाही. ते कळी उचलून बघतात, दुसऱ्या कळीवर आपटतात. नीट भाजलेली कळी खणखणते. जी बद्द वाजते तिच्या पोटात दगड कच्चा राहिलाय, ती बाजूला.

हे काम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या लोणारी समाजानं केलं. नावातच लोण आहे, लवण. चुने लोणारी चुना भाजायचे, मीठ लोणारी मिठागरं पिकवायचे. कोकणात, गोव्यात दगडाऐवजी शिंपल्या भाजल्या जायच्या. सूत्राला त्यानं काही फरक पडत नाही. शिंपली काय, अंड्याचं टरफल काय, सीए सीओ थ्रीच.

(घमेल्यात एक कळी. वरून तांब्याभर पाणी.)

आता जरा गप्प बसून बघू.

(आठ सेकंद निवेदन नाही. फक्त आवाज.)

आधी काहीच होत नाही. कळी पाणी पिते. मग एक तडा जातो, बारीक, केसासारखा. मग फसफस, आणि दगड आपणहून उमलायला लागतो. वाफ निघते ती कुठल्याही चुलीवरची नाही. घमेल्याखाली जाळ नाही, हे मुद्दाम खाली कॅमेरा नेऊन दाखवलंय. सीए ओ आणि पाणी एकत्र आले की एवढी उष्णता सुटते की वरचं पाणी उकळायला लागतं. दगड होता तिथं आता पांढरा लगदा आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मराठी शाळेत ज्या सूत्रावर सगळ्यांची जीभ अडखळते ते हे, सीए ओएच होल ट्वाइस. घरातला शब्द सोपा आहे. विरलेला चुना.

(आजीचा हात. पितळी चुनाळं. नखानं चुना काढते.)

आपल्या ओळखीचा चुना हा. विड्याच्या पानाच्या शिरा काढायच्या, पालथ्या बाजूला नखावर मावेल एवढाच चुना फिरवायचा, वर कात. जास्त झाला तर जीभ भाजते, कारण हा पदार्थ कडक अल्कली आहे. काताला चुना भेटतो तेव्हा तोंड लाल होतं. याच चुन्याची चिमूट हळदीत कालवा, पिवळ्याचा लाल रंग होतो. आजीनं तळहातावर करून दाखवलं, आम्ही सांगितलं नव्हतं. मुका मार लागला की हाच लेप.

पाण्यात हा फारसा विरघळत नाही, लिटरभर पाण्यात दीड-दोन ग्रॅम, बस. बाकीचा तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहतं, ती निवळी. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर उसाच्या रसात ही निवळी पडते, रसातली आम्लं मारते, मळी वर येते, झाऱ्यानं काढून टाकतात. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी निवळीत ठेवतात, म्हणजे पाकात शिजूनही त्या गळत नाहीत. द्राक्षबागेत बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. गावच्या विहिरीत जंतू मारायला पडणारी टीसीएल पावडर, तीही विरलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून केलेली. मोजत बसलं तर दिवस जाईल. फळ्यावरचा खडू मात्र यात धरू नका, तो बहुतेक वेळा जिप्समचा असतो.

(जिल्हा परिषदेची शाळा. काचेचा पेला, मुलीच्या तोंडात स्ट्रॉ.)

निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते. सातवी-आठवीत हे वाक्य पाठ केलं नाही असा माणूस विरळा. श्वासातला कार्बन डायऑक्साइड निवळीतल्या चुन्याला भेटतो आणि पांढरी भुकटी तयार होते. ती भुकटी कसली? सीए सीओ थ्रीची. भट्टीत जे हाकलून दिलं होतं ते या मुलीनं फुंकरीनं परत दिलं. पेल्यात पुन्हा चुनखडी आहे. (ती फुंकतच राहिली तर पाणी पुन्हा नितळ होतं, तोही खेळ वेगळा. बोअरच्या पाण्याचं रहस्य त्यातच आहे. तापवलं की पातेल्याला तो पांढरा थर धरतो.)

आता या पेल्याशेजारी भिंत ठेवा.

(वासोटा. झाडीतले घाण्याचे अवशेष.)

जावळीच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावर चुन्याच्या घाण्याचे अवशेष आहेत. गोल चर, त्यात बैलानं ओढलेलं दगडी चाक फिरायचं. विरलेला चुना, वाळू, विटांची भुकटी म्हणजे सुरखी, हे सगळं लोण्यासारखं होईपर्यंत मळायचं. जुन्या इमारतींच्या डागडुजीत आजही त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा घालतात. चालू घाणा आम्हाला सापडला तो पुण्यातल्या एका वाड्याच्या कामावर. बैलाच्या जागी मोटर आहे, आवाज मात्र तोच, खरखरता, एका लयीतला. कारागीर बोटांमध्ये चुना घोळतो, खडा लागला की चाक पुन्हा सुरू. शेजारी हौद आहे, त्यात विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवलाय. पाणी हटू द्यायचं नाही, कारण हवा लागली की त्याचा तिथंच दगड व्हायला लागतो.

भिंतीवर तेच व्हायला हवं असतं. चुन्याचा गिलावा नुसता वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्या मुलीच्या पेल्यासारखाच, पण अतिशय सावकाश, वरून आत, महिनोन्‌महिने. जाड भिंत असेल तर वर्षानुवर्षं. खाणीतून निघालेला दगड भट्टी, पाणी, घाणा असा फिरून शेवटी भिंतीवर पुन्हा दगड होतो.

(वाड्याची भिंत. खाली सिमेंटचा पट्टा, त्याच्या वर पोपडे.)

याच वाड्याला मध्ये कधीतरी कुणीतरी खालून कंबरेएवढा सिमेंटचा गिलावा दिला. हेतू चांगलाच असणार. पण चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं ती कोंडली. ओल वर चढली, लोणा लागला, विटांचे पोपडे हातात यायला लागले. कारागीर छिन्नीनं तो पट्टा काढतायत, चार दिवस झाले. सिमेंटही चुनखडीपासूनच होतं, त्याच्याशी आमचं वैर नाही. जुन्या भिंतीवर ते नको, एवढंच.

चुना भाजणाऱ्यांच्या फुप्फुसांत धूळ जाते, हाताची कातडी फाटते. तंबाखूबरोबर मळलेला चुना तोंडाचं काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि चुन्याची पुडी मुलांच्या हाती देऊ नका. डोळ्यात उडाली तर लगेच भरपूर पाण्यानं डोळा धूत राहा आणि दवाखाना गाठा.

(कारागीर लिंबाची फोड जुन्या गिलाव्याच्या ढलपीवर पिळतो. क्लोज-अप.)

हा जुना गिलावा. त्यावर लिंबाचा रस. बुडबुडे दिसतायत? भिंतीनं घेतलेला वायू तो.

(कुंचला. सफेदीचा पहिला हात.)

सफेदीत चिमूटभर नीळ टाकलीय, पांढरं उठून दिसावं म्हणून. पहिला हात मारला तेव्हा भिंत पाणचट, करडी दिसत होती. आम्हाला वाटलं चुना पातळ झालाय. कारागिरानं मान हलवली आणि कुंचला धुऊन ठेवला. कॅमेरा तिपाईवर तसाच चालू ठेवून आम्ही जेवायला गेलो. पुढचा दीड मिनिट त्याच भिंतीचा आहे, वेग वाढवलेला.

(भिंत पांढरी होत जाते. निवेदन नाही.)