टँकरवरचं ‘इन्फ्लेमेबल’: पेट घेणारं की न घेणारं?

(पडद्यावर: टँकरची मागची बाजू)

कोयलीच्या रिफायनरीमुळे बडोद्याच्या रस्त्यांवर टँकर नेहमीचेच. मागे लिहिलेलं असतं ‘हायली इन्फ्लेमेबल’. करेक्टचं उलट इनकरेक्ट, मग हे न पेटणारं का? अजिबात नाही. झटकन पेट घेणारं!

नमस्कार. आज फक्त दोन अक्षरं: आय आणि एन.

हे ‘इन’ म्हणजे लॅटिनमधून आलेले दोन वेगळे उपसर्ग आहेत, दिसायला सारखे. एकाचा अर्थ ‘नाही’. तो आपल्या अ-, अन् चा भाऊबंद. लॅटिन ‘इग्नोतुस’ आणि आपला ‘अज्ञात’ शेजारी ठेवा: ‘ग्नो’ म्हणजेच ज्ञा, आणि पुढचा नकारही त्याच घराण्यातला. इग्नोरंट त्याच मुळाचा.

दुसऱ्या ‘इन’चा अर्थ ‘आत’. इम्पोर्टमधला पोर्ट म्हणजे वाहून नेणं. आत आणणं ती आयात. इनॉक्युलेट तर फारच देखणा शब्द. ऑक्युलस म्हणजे डोळा, झाडाचाही. नर्सरीवाले कलम करताना ‘डोळा भरतात’ ना, मुळात अगदी तेच. लसीचा अर्थ नंतर आला. म्हणून यात एन एकच. इनॉक्युअस, म्हणजे निरुपद्रवी, यात मात्र दोन: एक उपसर्गाचा, एक मूळ शब्दाचा.

(पडद्यावर: संत, संप)

आता इम्पॉसिबलमध्ये एम कुठून आला? हे दोन शब्द मोठ्यानं म्हणा. संतमध्ये न् येतो, संपमध्ये ओठ मिटतात आणि म् येतो. आपण दोन्हीकडे टिंबच देतो. इंग्रजीत अक्षर बदलतं. पी, बी, एम यांच्याआधी इम. एलआधी इल, आरआधी इर: इल्लीगल, इर्रेग्युलर. उत् अधिक लेख, उल्लेख, तसंच. स्पेलिंग चुकतं ते इथेच, एक एल किंवा एक आर गाळला जातो. पण इल, इर दिसलं की नकारच, असं धरू नका. इल्युमिनेट म्हणजे उजळणं, इरिगेट म्हणजे पाणी देणं. तिथे ‘आत’वाला आहे.

ओळखायचं कसं? जोड कुठे आहे ते बघा. इन्फ्लेमेबलमध्ये आधी इन्फ्लेम, म्हणजे पेटवणं, हे क्रियापद झालं आणि मग एबल लागलं. इनव्हॅल्युएबलमध्ये उलट: आधी व्हॅल्युएबल, म्हणजे मोल करता येईल असं, मग नकार. मोलच करता येत नाही असं, म्हणजे आपलं अमूल्य. अमूल्यला कुणी बिनकिमतीचं समजत नाही, तर यालाही समजू नका.

अन आणि इन यांची सरमिसळही होते. अन मूळचा इंग्रजीचा, इन लॅटिनचा. त्यामुळे विशेषण अनस्टेबल, पण नाम इन्स्टॅबिलिटी. अनइक्वल, पण इनइक्वॅलिटी. जोडीनंच पाठ करा.

(पडद्यावर: थिनरचा डबा)

इन्फ्लेमेबलचा गोंधळ जिवावर बेतू शकतो. म्हणून सुरक्षेच्या पाट्यांवर आता ‘फ्लेमेबल’ पसंत करतात. डब्यावर दोन्हींपैकी काहीही असो, अर्थ एकच: शेगडीपासून लांब ठेवा. न पेटणाऱ्यासाठी शब्द आहे ‘नॉनफ्लेमेबल’.