वहीतले तीन रकाने : छोट्या महानगरातल्या घरभाड्यांविषयी

नमस्कार. आकड्यांकडे वळण्याआधी एका वहीबद्दल सांगतो.

माझ्या ओळखीच्या एक बाई अकरा वर्षं एकाच इमारतीत भाड्यानं राहतात. दुसरा मजला, दोन खोल्या, मागे गॅलरी. दरवर्षी करार नवा झाला की त्या वहीत भाड्याचा आकडा लिहितात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी शेजारी दुसरा रकाना आखला. इमारतीत कुणी जागा सोडली आणि फाटकावर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागली, की त्या फोन करून भाडं विचारतात आणि तेही लिहून ठेवतात. मी विचारलं, “हे कशासाठी?” त्या म्हणाल्या, “उद्या मला बाहेर पडावं लागलं तर काय भाव पडेल, ते कळायला नको का?”

डाव्या रकान्यातले आकडे पायरीपायरीनं चढलेत. उजव्या रकान्यातले पहिली दोन वर्षं डाव्याच्या आसपास होते, मग त्यांनी उडी घेतली. आज या बाईंच्या भाड्यात आणि समोरच्या दारात नव्यानं आलेल्या कुटुंबाच्या भाड्यात जवळजवळ दीडपटीचा फरक आहे. खोल्या तितक्याच, मजला तोच, पाण्याची वेळही तीच.

तेव्हा ‘शहरात सध्या भाडं काय चाललंय?’ या प्रश्नाला दोन उत्तरं असतात आणि दोन्ही खरी असतात. राहत्या भाडेकरूचं भाडं वेगळं, आज घर शोधायला निघालेल्याचं वेगळं. सरकारी महागाई निर्देशांकात बहुतांशी पहिलं येतं, कारण बहुतेक लोक आहेत तिथंच राहत असतात. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्यातल्या आणि क्लीव्हलंडच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या (तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या शाखेतल्या) संशोधकांनी 2022 मध्ये हे दोन आकडे वेगळे काढून पाहिले. नव्या भाडेकरूंचं भाडं अधिकृत निर्देशांकाच्या साधारण चार तिमाही पुढे चालतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे भाडी वाढायला लागली हे निर्देशांकात नीट उमटेपर्यंत घर शोधणारा वर्षभर ती वाढ सोसत असतो. उतरतानाही तसंच. बाजार थंडावतो, आणि बातमी मात्र महागाईचीच येत राहते.

या फरकाची दुसरी बाजू मला जास्त बोचते. दोन रकान्यांत अंतर पडलं की माणूस अडकतो. दुसऱ्या टोकाला चांगली नोकरी मिळाली तरी जाता येत नाही, आईवडिलांना जवळ आणायचं म्हटलं तरी मोठी जागा परवडत नाही. भिंतीला ओल आली तर मालकाला जोर देऊन सांगायची सोय राहत नाही, कारण तो म्हणाला ‘मग सोडा जागा’, तर जायचं कुठं? सरासरीत हे कुटुंब ‘स्वस्तात राहणारं’ म्हणून मोजलं जातं.

आता छोट्या महानगराचं वेगळेपण. महानगराची व्याख्या देशागणिक बदलते. अमेरिकेत 50 हजार वस्तीच्या शहराभोवतीचा परिसरही महानगर क्षेत्र म्हणून मोजतात, आपल्या राज्यघटनेत ती रेषा 10 लाखांवर आहे. व्याख्या कुठलीही घ्या, शहर लहान असलं की आकडा हलका असतो. वाऱ्याबरोबर हलतो.

असं समजा, एका महिन्यात दहा जागांच्या जाहिराती आल्या, सात लहान, तीन मोठ्या. लहान जागेचं भाडं 10 धरू, मोठीचं 20. सरासरी आली 13. पुढच्या महिन्यात तीन लहान आणि सात मोठ्या जागा आल्या. सरासरी 17. एकाही घराचं भाडं वाढलेलं नाही, आणि तरी कुणीतरी लिहील की भाडी महिन्यात 31 टक्क्यांनी वाढली. मोठ्या शहरात हजारो जाहिरातींत असले चढउतार एकमेकांना झाकतात, लहान शहरात उघडे पडतात. उपाय त्या बाईंच्या वहीत आहे : तीच इमारत, तेवढ्याच खोल्या, फक्त वर्ष वेगळं. घराची तुलना त्याच्यासारख्याच घराशी.

शहरात भाड्याची 20 हजार घरं आहेत असं धरलं, तर 300 घरांची एक नवी इमारत उभी राहिली की भाड्याच्या घरांत दीड टक्क्याची भर पडते. 10 लाख भाड्याची घरं असलेल्या शहरात तीच इमारत समुद्रात थेंब. म्हणून लहान शहरात एक कॉलेज, एक कारखाना, एक मोठं इस्पितळ भाड्याचा भाव ठरवून जातं. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या विलिस्टनला तर महानगरही म्हणता येणार नाही, इतकं ते लहान आहे. तेलाच्या भरभराटीत, 2014 च्या सुरुवातीला, तिथल्या एक बेडरूमच्या फ्लॅटचं मागितलं जाणारं भाडं न्यूयॉर्कच्याही वर गेलं होतं. त्याच वर्षी उन्हाळ्यानंतर तेल घसरायला लागलं, माणसं निघून गेली आणि चढ्या भावाच्या भरवशावर बांधलेल्या इमारती ओस पडल्या. बांधकाम सुरू करताना भाव चढे असतात आणि चाव्या हातात येईपर्यंत दोनतीन वर्षं जातात. तेवढ्या काळात लहान शहराचं सगळं गणित बदलू शकतं.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियातलं. 8 नोव्हेंबर 2018 ला पॅराडाइज नावाचं गाव वणव्यात जळालं. वाचलेले हजारो लोक जवळच्या चिको शहरात आले. जानेवारी 2019 च्या सरकारी अंदाजात चिकोची लोकसंख्या सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेली दिसते. आधीच तिथं रिकाम्या जागा मोजक्या होत्या, त्या पाहता पाहता संपल्या. लक्षात घ्या, ही दोन्ही ठिकाणं एकाच महानगर क्षेत्रात येतात. या क्षेत्रात माणसं फारशी वाढली नव्हती, घरं हजारोंनी कमी झाली होती.

म्हणजे भाव कुठं जाणार हे रिकाम्या घरांवरून कळतं. केनेथ रोझेन आणि लॉरेन्स स्मिथ या अर्थशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये अमेरिकी शहरांच्या आकड्यांवरून दाखवलं, की प्रत्येक शहराची रिकाम्या घरांची एक स्वाभाविक पातळी असते. त्याखाली गेलं की भाडी चढतात, वर गेलं की दबतात. न्यूयॉर्कच्या भाडेनियंत्रण कायद्यात भाड्याची 5 टक्के किंवा त्याहून कमी घरं रिकामी असणं ही आणीबाणी मानली जाते. 2023 च्या पाहणीत तो आकडा 1.41 टक्के निघाला.

1.41 टक्के म्हणजे काय, हे मी जिन्यात पाहिलंय. एका मित्राबरोबर घर बघायला गेलो होतो. मालक वर कुलूप उघडत होता आणि आमच्याखेरीज सहा जण पायऱ्यांवर उभे होते. एकीच्या कडेवर मूल झोपलेलं. आत जाऊन कुणी नळ उघडून पाहिला नाही, कुणी खिडकी लावून पाहिली नाही. प्रत्येकाचं लक्ष ‘अनामत आत्ताच देतो’ हे आधी कोण म्हणतं याकडे. दहा मिनिटांत जागा गेली. बाजार सैल असतो तेव्हा याच जिन्यात रंगाचा वास येतो आणि मालक संध्याकाळी स्वतःहून फोन करतो, ‘काय ठरलं?’ पाटीवरचा आकडा तो सहसा खाली आणत नाही, कारण आधीचे भाडेकरूही मग कमी करून मागतात. तो एक महिना माफ करतो. बारा महिन्यांत एक माफ म्हणजे भाडं 8 टक्क्यांहून जास्त उतरलं, पण जाहिराती मोजणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

मात्र रिकामं घर आणि बाजारातलं घर यांत गल्लत नको. वारसांच्या वादात कुलूप लागलेलं किंवा गुंतवणूक म्हणून घेऊन बंद ठेवलेलं घर रिकामं असतं, पण घर शोधणाऱ्याच्या ते कामाचं नसतं.

मला नेहमी विचारतात, नवी घरं तर महागडी बांधतात, त्यांचा सामान्य माणसाला काय उपयोग? शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर साखळीत आहे. महाग घरात जाणारं कुटुंब आपलं जुनं घर सोडतं, तिथं तिसरं येतं, त्याचं चौथ्याला मिळतं. इव्हान मास्ट या अभ्यासकानं अमेरिकी शहरांत ही साखळी पत्त्यांवरून शोधली. बाजारभावाच्या दर 100 नव्या घरांमागे मध्यमपेक्षा कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत 45 ते 70 घरं मोकळी होतात, असा त्याचा हिशोब आहे. हेलसिंकीतल्या अभ्यासकांनाही लोकसंख्येच्या नोंदींवरून असंच चित्र दिसलं. पण साखळीला वेळ लागतो, आणि ज्याला या महिन्यात जागा सोडायचीय त्याला तेवढी वाट बघता येत नाही. त्याच्यासाठी थेट मदत लागते.

भाड्यावर मर्यादा घालण्याबद्दल माझं मत आज स्पष्ट सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोत 1994 च्या मतदानानं 1980 पूर्वीच्या छोट्या इमारतींनाही भाडेनियंत्रण लागू झालं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यामुळे भाडेकरू आपल्या पत्त्यावर टिकून राहण्याचं प्रमाण 10 ते 20 टक्क्यांनी वाढलं. डाव्या रकान्यातल्या कुटुंबांसाठी ही मोठी गोष्ट आहे. मुलांची शाळा सुटली नाही. पण नियंत्रणाखालच्या मालकांनी भाड्याची घरं 15 टक्क्यांनी कमी केली आणि शहरभर भाडी 5.1 टक्क्यांनी वाढली. तो भार उजव्या रकान्यावर पडला. मिनेसोटातल्या सेंट पॉलनं 2021 मध्ये वर्षाला 3 टक्क्यांची मर्यादा घातली, तीही नव्या इमारतींसकट. बांधकामाचे परवाने घसरले, आणि 2022 मध्ये नव्या बांधकामाला 20 वर्षांची सूट द्यावी लागली. राहत्या भाडेकरूला अचानक उडीपासून संरक्षण हवंच. ते देताना पुढच्या घराची वाट अडता कामा नये.

यासाठी आधी दोन्ही रकाने दिसायला हवेत. आयर्लंडमध्ये 2004 च्या कायद्यापासून भाडेकरार नोंदवण्यासाठी वेगळं मंडळ आहे. आज तिथं नव्या भाडेकरूंचं आणि चालू भाडेकरूंचं भाडं वेगवेगळं जाहीर होतं. लहान शहराला हे जड नाही, 20 हजार घरांची नोंद एका कचेरीत मावते.

त्या बाईंनी मागच्या महिन्यात वहीत तिसरा रकाना आखलाय : पाटी लागल्याची तारीख आणि उतरल्याची तारीख. गेल्या वेळी मध्ये चार दिवस होते.

दाराशी टेबलावर तसेच तीन रकान्यांचे कोरे कागद ठेवलेत. नाव लिहू नका, फ्लॅटचा नंबर लिहू नका. खोल्या किती, तुमचं भाडं, इमारतीत शेवटी लागलेल्या पाटीवरचं भाडं आणि ती किती दिवस होती, एवढंच लिहा. मालक असाल तर महिना माफ केला होता का, तेही लिहा. कागद पेटीत टाका, मी थांबलोय.