एकटीची वाट : सातारा ते पंढरपूर, निघण्याआधी

(दृश्य : पहाट. संगम माहुलीचा घाट, कृष्णेवर धुके.)

सातारा शहरातून पूर्वेकडे निघालेला रस्ता माहुलीजवळ कृष्णा ओलांडतो आणि कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव अशी गावे घेत पंढरपुरास पोहोचतो. अंतर १४० किलोमीटरच्या आसपास आहे. एस.टी.च्या खिडकीशी बसून हा प्रवास मी लहानपणापासून किती वेळा केला असेल, याची मोजदाद नाही. मात्र कार्तिकी एकादशीसाठी हेच अंतर पायी आणि एकटीने चालायचे ठरवले, तेव्हा या रस्त्याची आपल्याला काहीच ओळख नाही, हे पहिल्याच आठवड्यात ध्यानात आले. पाणी कुठे मिळते, सावली कुठे संपते, वर्धनगडाचा घाट उतरल्यावर टेकायला पार आहे की नाही, यांतले काहीही खिडकीतून दिसलेले नव्हते.

या चित्रफितीत पंढरपूर दिसणार नाही. इथे दिसतील ते निघण्याआधीचे तीन महिने.

(दृश्य : गोडोलीतील घर. आई तांदूळ निवडते आहे.)

माझ्या आईने आषाढीची वारी अकरा वर्षे दिंडीतून केली. माझा बेत ऐकून तिने सुपातून मान वर केली नाही. ती एवढेच म्हणाली, "एकटी कशाला? दिंडीत नाव घाल की. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की सामान ट्रकात, पाणी टँकरवर, जेवण पंगतीत आणि मुक्काम ठरलेला. आणि चालायचं म्हणशील, तर माणूस चालतच नाही, टाळ चालवतो."

आईचे हे बोलणे मी त्याच रात्री वहीत उतरवून घेतले, कारण तिला नकार म्हणून जे सांगायचे होते, ती माझ्या तयारीची पूर्ण यादी होती. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आपल्याच सातारा तालुक्यातल्या आरफळचे. रथापुढच्या २७ दिंड्या, रथामागच्या दिंड्या, त्यांचे क्रम, विसावे आणि तळ यांची जी घडी त्यांनी बसवली, तिच्यामुळे दिंडीतल्या वारकऱ्याला चालण्यावाचून दुसरे काम उरत नाही. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावला की हजारो टाळ क्षणात थांबतात, आणि मग कुणाचे काय सापडले, कुणाचे काय हरवले, हेही पुकारले जाते. दिंडीत नाव न घालता सोहळ्याबरोबर चालणाऱ्यांना 'मोकळा समाज' म्हणतात. पण तो मोकळा समाजही लाखोंच्या मधोमध चालत असतो. कार्तिकात सातारा-पंढरपूर रस्त्यावर एकटे चालणाऱ्याला तेवढाही आधार नसतो. अधूनमधून एखादी लहान दिंडी भेटली तर भेटली.

कार्तिकीच का, असे पुष्कळांनी विचारले. एक कारण म्हणजे पाऊस उघडलेला असतो. भातकापणी उरकून कोकणातले वारकरीही याच वारीला अधिक येतात. दुसरे कारण, खरे सांगायचे तर, मला गर्दीची भीती वाटते.

(दृश्य : यवतेश्वर घाट. सकाळी पळणारी माणसे. बुटांचा जवळून घेतलेला भाग.)

सुरुवात पायांपासून केली आणि पहिली चूकही तिथेच झाली. शहरातल्या एका दुकानातून मी बूट घेतले ते सकाळी अकरा वाजता, पायाला नेमके बसणारे. विकणाऱ्याने "ताई, वापरून सैल होतील" असे सांगितले आणि मला ते पटले. तिसऱ्या रविवारी यवतेश्वरचा घाट चढून गेले, तोवर सगळे ठीक होते. उतरताना मात्र प्रत्येक पावलागणिक अंगठा बुटाच्या टोकावर आदळू लागला. चार दिवसांनी उजव्या अंगठ्याचे नख काळे पडले. चालून चालून पाऊल दिवसभरात फुगते, म्हणून बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडून घ्यावेत, हे मला नखाने शिकवले. दुसरे बूट संध्याकाळी सातला घेतले. नख अजून पूर्ण आलेले नाही.

फोडांचे शास्त्र त्यामानाने सोपे आहे. मोजा आणि कातडी यांच्यातल्या घर्षणाने कातडीचे वरचे थर खालच्या थरांपासून ओढले जाऊन सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. घामाने पाऊल ओले असले की हे लवकर होते. म्हणून मोजे दुपारी बदलायचे, ओला जोड पिशवीवर वाळत टाकायचा, निघण्यापूर्वी टाच आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन चोळायचे, आणि जागा नुसती गरम वाटू लागताच, फोड येण्याची वाट न पाहता, तिथे चिकटपट्टी लावायची. वारीत फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवण्याची रीत आहे, म्हणजे पाणी झिरपत राहते. आईचा तिच्यावर ठाम विश्वास आहे. आमच्या डॉक्टरांनी मात्र तो दोरा म्हणजे जंतूंना घातलेली वाट आहे, असे सांगून हात जोडले. मी सुई घेतली आहे, ती कपडे शिवण्यासाठी.

सरावाचा क्रम साधा ठेवला. श्रावणात रोज पाच किलोमीटर आणि रविवारी माहुलीपर्यंत जाऊन परत. भाद्रपदात रविवारी सज्जनगड. जाताना पायी, परतताना एस.टी. आश्विनात शनिवार आणि रविवार असे लागोपाठ दोन दिवस वीस-वीस किलोमीटर, पाठीवर ओझे घेऊन. यांतला शेवटचा टप्पा कुणीही वगळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वीस किलोमीटर एक दिवस कुणीही चालेल. दुसऱ्या दिवशी पहाटे पलंगावरून पाय खाली ठेवताना पिंढऱ्या जे सांगतात, ते ऐकल्यावाचून आठ दिवसांचा बेत आखणे म्हणजे निव्वळ हौस आहे. मी पहिल्या बेतात सहा दिवस धरले होते. त्या रविवारनंतर आठ केले.

(दृश्य : कोपऱ्यावरचे किराणा दुकान. वजनकाट्यावर पाठपिशवी.)

पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त असू नये, असा चालणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. माझे वजन ५८ किलो, म्हणजे पाण्यासकट सहा किलोंच्या आत. पहिल्यांदा भरलेली पिशवी दुकानातल्या साखरेच्या काट्यावर ठेवली, तेव्हा आकडा ९.४ दिसला आणि दुकानदारकाकांनी "संसार घेऊन निघालीस का गं?" असे विचारले. त्यांच्याच फळीवर मी सगळे मांडले. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, त्यात तडजोड नव्हती. वाटेवर गावे लागत असल्याने तिसरा लिटर भरून घेता येणार होता. चादर गेली, शाल राहिली. तीनऐवजी दोन पोशाख राहिले, एक अंगावर आणि एक पिशवीत. साबणाच्या वडीचा अर्धा तुकडा झाला. कारळ्याची चटणी, गूळ आणि शेंगदाणे राहिले. ओ.आर.एस.ची चार पाकिटे राहिली, कारण त्यांना वजनच नाही, आणि एक पाकीट एक लिटर पाण्यात हे प्रमाण पाकिटावरच छापलेले असते.

खरा घोळ नारळांनी घातला. एकटी का होईना, पंढरपूरला पायी निघाली आहे, ही बातमी आळीत पसरताच एकेक घरातून 'विठोबाला आमचा म्हणून' नारळ येऊ लागला. पाच नारळ आणि अर्धा किलो कंदी पेढे. नाही म्हणणे शक्य नव्हते आणि वाहणे तर त्याहून शक्य नव्हते. शेवटी आईनेच तोड काढली. प्रत्येकीचा नारळ घरच्या देवापुढे वाढवला, खोबरे वाटून टाकले, आणि प्रत्येकीकडून नारळाचे पैसे घेऊन ते पुरचुंडीत बांधून दिले. पंढरपुरात ज्याच्या त्याच्या नावाने तिथलाच नारळ घ्यायचा. पेढ्यांचे काय झाले, ते सांगण्याची गरज नाही. पिशवी ५.७ किलोंवर आली.

(दृश्य : एस.टी.तून दिसणारा वर्धनगड. मग पुढचे उजाड माळ.)

मुक्काम ठरवण्यासाठी मी एका शनिवारी वही घेऊन याच मार्गाच्या एस.टी.त बसले आणि गावोगाव उतरत गेले. वर्धनगड कोरेगाव आणि खटाव तालुक्यांच्या सीमेवर उभा आहे, आणि तो ओलांडला की हवाच बदलते. अलीकडे उसाचे मळे, पलीकडे पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. पुसेगावजवळची येरळा कृष्णेला मिळते, तर पुढे दहिवडी-म्हसवडकडची माणगंगा भीमेला. म्हणजे कृष्णाकाठ सोडून भीमाकाठी पोहोचणाऱ्या माणसाला मधले पाणलोटाचे पाणी आपल्या पाठीवरच न्यावे लागते. कार्तिकात या भागात दुपारी ऊन चटकते आणि रात्री थंडी झोंबते. दहिवडीच्या अलीकडच्या सलग टप्प्यावर, महिमानगडच्या आसपास, मी वहीत 'सावली नाही' असे दोनदा लिहिले आहे.

मुक्कामाच्या बाबतीत हा रस्ता उदार आहे. पुसेगावला सेवागिरी महाराजांचे देवस्थान आहे; मार्गशीर्षातल्या यात्रेला तिथे नोटांनी मढलेला रथ निघतो आणि पाय ठेवायला जागा नसते, पण कार्तिकात गाव निवांत असते. गोंदवल्यास ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधीस्थानी भक्तांच्या राहण्याची आणि प्रसादाची सोय होते. म्हसवडला सिद्धनाथाचे मंदिर आहे. इतरत्र दूरध्वनीवरून विचारणे आले. एका ठिकाणच्या भक्तनिवासात मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी विचारले, "किती माणसं?" मी म्हटले, "एक." ते म्हणाले, "नाही ताई, दिंडी किती जणांची?" मी पुन्हा म्हटले, "एकटीच आहे." थोडा वेळ फोनवर पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली. मग ते म्हणाले, "बरं. जेवायला साडेसातच्या आत या."

एकट्या बाईने चालायचे तर काही गोष्टी उगाच धीटपणा न करता ठरवून घ्याव्यात, असे माझे मत आहे. चार वाजेपर्यंत मुक्काम गाठायचा. गावात शिरल्यावर चौकशी करायची ती पानटपरीवर नव्हे, तर पिठाच्या गिरणीत किंवा अंगणवाडीत, जिथे बायका असतात. तिथून पुढची वाट आपोआप लागते. रोज संध्याकाळी भावाला फोन करून गाव आणि राहण्याची जागा सांगायची. ११२ हा क्रमांक मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवायचा आणि आधार कार्डाची प्रत पिशवीत वेगळ्या कप्प्यात.

माणसांपेक्षा मला भीती वाटते ती ट्रॅक्टरची. कार्तिकात गळीत हंगाम सुरू होतो आणि उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात रस्ताभर झुलत येतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो. वारकरी पहाटे तीनला चालू लागतात, ही रीत मी म्हणूनच पाळणार नाही. उजाडल्यावर निघायचे, रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते, आणि पिशवीवर चमकणारी पट्टी शिवून घ्यायची. आमच्या शिंप्याने ती शिवताना तिला नाजूक नक्षीचा काठही लावून दिला.

आईच्या यादीतला राहिला टाळ. सरावाच्या दिवसांत कानात यंत्र घालून भजने ऐकत चालून पाहिले. मागून आलेल्या दुचाकीने दचकवले, तेव्हा तो नाद सोडला. मग स्वतःच हरिपाठ म्हणू लागले. माझ्या चालीने एक हरिपाठ म्हणजे साधारण दोन किलोमीटर होतात. त्यामुळे वहीतल्या अंतरांसमोर आता हरिपाठांचे आकडे आहेत: पुसेगावला पोहोचायला त्या दिवशीचे नऊ, सज्जनगडाला सात. चढावर मात्र धाप लागते आणि चरण सुटतो. वर्धनगडाच्या घाटात मी मुकाट्याने चालणार आहे.

पाय अगदीच उठेनासे झाले, तर याच रस्त्यावरून एस.टी. जाते. हात करायचा आणि बसायचे. हे आधीच ठरवून ठेवले, कारण तिथे ऊन्हात उभे राहून अभिमानाशी वाद घालण्यात अर्थ नाही. पंढरपुरात दशमीला पोहोचल्यावर पदस्पर्श दर्शनाची रांग फार लांब असली, तर मुखदर्शन घेऊन चंद्रभागेवर जाईन. उतरायला '६५ एकर' या वारकऱ्यांच्या तळावर जागा पाहायची आहे. परतीला सगळेच वाहनाने येतात, मीही.

(दृश्य : निघण्याचा दिवस. माहुलीचा पूल, कोवळे ऊन.)

आई माहुलीपर्यंत सोबत आली. पायात नेहमीच्या चपला, हातात काही नाही. पाच किलोमीटरांत ती एकदाही थांबली नाही. मी नाडी बांधायला दोनदा थांबले. घाटाच्या पायरीवर बसल्यावर तिने सांगितले, "बूट सोड. पाय बघू."

मी म्हटले, "आई, अजून काही झालेलंच नाही. मी आरसा घेतलाय, दर विसाव्याला तळवे बघणार आहे."

"ते बघशील. आता मला बघू दे."

मी बूट काढले, मोजे काढले. तिने एकेक पाऊल मांडीवर घेऊन उजेडाकडे वळवले, डाव्या टाचेवरून अंगठा फिरवला, आणि तिथे जरा थांबून म्हणाली, "इथं पट्टी लाव. कोरेगावच्या आधी दुखेल."




पट्टी लावून मोजे चढवले, तोवर ती कोरेगावकडून येणाऱ्या एस.टी.ला हात करायला पुलाच्या तोंडाशी गेलेली होती.