वरती सुतारकाम काढलंय का?

टक्. हा आवाज पेन पडल्याचा. गेले नऊ दिवस आमच्या घरात हेच चालू आहे, इतकं की तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात आईला गाठून विचारलं, वरती सुतारकाम काढलंय का? सुतारकाम नाही काकू, थम्बअराउंड.

तुम्ही हे बघितलेलं असणारच. वर्गात मागच्या बाकावर एक पोरगा असायचाच, बाई फळ्याकडे वळल्या की याच्या अंगठ्याभोवती पेन गर्रकन एक चक्कर मारून परत होतं तिथे, आणि चेहरा असा की मी काही केलंच नाही. त्या चकरेचं नाव थम्बअराउंड, पेन स्पिनिंग शिकणारे बहुतेक जण इथूनच सुरू करतात. पुढे सोनिक आहे, चार्ज आहे, फिंगरपास आहे, पण ते नंतर, आधी ही एक तर येऊ दे.

जपानमध्ये याला पेन मावाशी म्हणतात, मावाशी म्हणजे फिरवणं, आपली मावशी नाही. आणखी एक नाव आहे, रोनिन मावाशी. रोनिन म्हणजे मुळात धनी नसलेला सामुराई, पण तिकडे युनिव्हर्सिटीची एन्ट्रन्स हुकल्यावर वर्षभर परत अभ्यासाला बसलेल्या पोरांनाही रोनिनच म्हणतात. समोर पुस्तक उघडं, डोकं भलतीकडे आणि बोटात पेन. आपल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता हाताकडे बघा. पेन लिहायला धरतो तसंच धरायचं, फक्त टोकापाशी नाही, मधोमध. ढकलायचं काम एकट्या मधल्या बोटाचं, ते तळव्याकडे आत ओढायचं, पिस्तुलाचा घोडा ओढतात ना तसं, आणि त्याच वेळी तर्जनीने बाजूला व्हायचं. पेन अंगठ्याच्या पाठीवरून, नख आणि सांध्याच्या आसपासून फिरून येतं आणि परत अंगठा आणि तर्जनीत सापडतं. सांगायला एवढंच.

माझं अडलं ते जोर लावण्यात. पहिले तीन दिवस पेन थेट कपाटाखाली जायचं, मग मी पट्टी घेऊन पालथा. शेवटी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये माझाच हात शूट केला तेव्हा दिसलं की ढकलून झाल्यावर माझं मधलं बोट तिथेच उभं राहतंय आणि पेन फिरून आलं की त्याच्यावरच आपटतंय. म्हणजे ढकलायचं आणि लगेच दुमडून आत घ्यायचं, पाहुण्याला दार उघडल्यावर आपण दारातच उभं राहत नाही तसं. दुसरी खोड मनगटाची. मनगट झटकलं की अंगठा हलतो, आणि ज्याच्याभोवती फिरायचं तोच हलला तर पेन बिचारं जाणार कुठे. मी मनगट टेबलाच्या कडेला टेकवून बसायला लागलो तेव्हा कुठे ही खोड गेली.

आणि आखूड, हलक्या पेनावर शिकू नका प्लीज. पेन लांब आणि दोन्ही टोकांना जड असेल तर ते सावकाश, एकसारखं फिरतं. कारण शाळेतलंच, जडत्व. वजन मध्यापासून दुप्पट लांब नेलं की त्या वजनाचं फिरण्यातलं जडत्व चौपट होतं, त्यामुळे एकदा फिरायला लागलेलं पेन मध्येच डुगडुगत नाही आणि बोटांना पकडायला वेळ मिळतो. यात मुरलेले लोक तर वेगवेगळ्या पेनांचे भाग जोडून, दोन्हीकडे टोपणं बसवून खास फिरवायचं पेन बनवतात, त्याला मॉड म्हणतात, आणि त्यातली कित्येक लिहितच नाहीत. मला आधी ही चक्क चीटिंग वाटली होती. मग मी साध्या रेनॉल्ड्सला एक टोपण निबवर आणि दुसऱ्या पेनाचं टोपण मागे लावून बघितलं आणि गप्प बसलो.

सहाव्या दिवशी संध्याकाळी पलंगावर बसलो होतो, समोर जाड चादर (आवाज होत नाही, वाकावंही लागत नाही, काकू पण खूश), आणि पेन फिरलं आणि हातात आलं. कसं आलं माहीत नाही. लगेच परत करायला गेलो, पडलं. रात्री जेवायला हाक येईपर्यंत पडतच होतं. आज दहात सहा-सात वेळा येतं, कॅमेरा चालू असला की तीन.

टोपणाचं अजून एक काम आहे, ते मला उशिरा कळलं. पहिले काही दिवस मी उघडंच पेन फिरवत होतो आणि बॉलपेन सारखं टोकावर आपटलं की पुढची बारीक गोळी कामातून जाते. काल आईने दुधाचा हिशोब लिहायला नेमकं तेच पेन उचललं. दोन रेघोट्या ओढल्या, तळव्यावर घासून बघितलं, फुंकर मारली, परत ओढल्या, आणि मग माझ्याकडे बघितलं.