पडदा बंद, खेळ सुरू

आता ऐकू येत आहेत ते एका व्हिडिओ गेममधील लढतीचे आवाज आहेत आणि पडदा आम्ही मुद्दामच काळा ठेवला आहे. डाव्या कानात पावलाची घसट, पाठोपाठ कपड्याचा फडफडाट आणि मग उजव्या कानात धप्प असा आघात; म्हणजे प्रतिस्पर्धी डोक्यावरून उडी मारून पलीकडे उतरला आणि त्याने ठोसा हाणला. हेडफोन लावून बसलेल्या दृष्टिहीन खेळाडूने फडफडाट ऐकताच बचावाची बाजू बदलली होती.

लढतीचे व्हिडिओ गेम दृष्टिहीनांना पूर्वीपासून जमत आले आहेत, कारण त्यांत बहुधा दोनच लढवय्ये एका रेषेत पुढे-मागे सरकतात आणि फटक्याफटक्याचा आवाज वेगळा असतो. ही सोय त्यांच्यासाठी कोणी केलेली नव्हती. ध्वनी रचणाऱ्याने आपले काम चोख केले, त्याचा हा अनायासे झालेला लाभ. कॅपकॉम कंपनीच्या २०२३ मधील 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये मात्र ती हेतुपुरस्सर केलेली आहे. प्रतिस्पर्धी किती लांब आहे, कोणाची किती ताकद उरली आहे, याचे स्वतंत्र ध्वनिसंकेत त्यात सुरू करता येतात.

याहून धाडसी प्रयोग जपानमध्ये १९९७ सालीच झाला होता. आपले खेळ दृष्टिहीन मंडळीही खेळतात हे कळल्यावर गेम बनवणारे केंजी एनो यांनी त्यांची भेट घेतली आणि सेगा कंपनीच्या 'सॅटर्न' या गेम खेळण्याच्या यंत्रासाठी 'रिअल साउंड' हा केवळ ऐकण्याचा खेळ तयार केला. सोबतच्या सूचना ब्रेलमध्ये होत्या. खेळ फक्त सेगाला देण्याच्या बदल्यात कंपनीने एक हजार यंत्रे दृष्टिहीनांना द्यावीत, अशी अट एनो यांनी घातली होती. व्यवहारात अशी अट घालणारा माणूस विरळाच.

तरीही, खास अंधांसाठी केलेला खेळ मिळणे वेगळे आणि मित्र जो खेळतो तोच आपल्यालाही खेळता येणे वेगळे. दुसऱ्या बाबतीत मोठी झेप घेतली ती नॉटी डॉग कंपनीच्या २०२० मधील 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'ने. साठाहून अधिक सुलभता-पर्याय असलेल्या या खेळात मेनू वाचून दाखवला जातो, कंट्रोलरची एक कळ दाबली की पात्राचे तोंड पुढच्या वाटेकडे वळते आणि उंच कडेशी पोहोचताच आवाज व थरथर होऊन पाऊल अडते. कोणता नाद कशासाठी, हे शिकवणारी ध्वनींची सूचीही त्यात आहे. नवा खेळाडू आधी तीच घोकतो, जशी मुले बाराखडी घोकतात.

मेनूचा उल्लेख क्षुल्लक वाटेल, पण खरी अडचण अनेकदा तिथेच असते. आवाजाची सोय खेळात असते, परंतु ती सुरू करण्याची यादी मुकी असते, आणि मग घरातील डोळस माणूस मोकळा होईपर्यंत खेळाडू कंट्रोलर मांडीवर घेऊन बसून राहतो.

सुरुवातीला ऐकवलेली लढत आता चित्रासह पुन्हा दाखवत आहोत. फडफडाट झाल्यावर आपली नजर कुठे जाते आणि तोवर त्या खेळाडूचा अंगठा कुठे पोहोचलेला असतो, ते पाहावे.