नवी बॅटरी घेण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते अशा गाडीबद्दल, जिला वर्षभरापूर्वीच नवी बॅटरी घातली आणि तरीही दर चार-सहा दिवसांनी सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते. शेजाऱ्यांच्या गाडीला केबल लावून ती चालू करायची, दोन दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगतं, बॅटरी गेली, नवी टाका. माझं आग्रहाचं सांगणं आहे की लगेच टाकू नका. इतकी नवी बॅटरी वारंवार उतरते तेव्हा दोष बहुधा तिच्या बाहेर असतो, आणि तो तसाच राहिला तर चार-पाच हजारांची पुढची बॅटरीही त्याच वाटेनं जाते.

आधी बॅटरीची टोकं पाहा. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल किंवा क्लॅम्प हातानं हलत असेल, तर भरलेली बॅटरीसुद्धा सेल्फ फिरवू शकत नाही. पुण्याच्या पावसाळ्यानंतर हे फार दिसतं. मायनसची वायर आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं टोकं धुवा, कोरडी करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

पुढच्या तपासणीला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि करंट मोजायचा छोटा मीटर, लागतो. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीच्या दोन टोकांना सकाळी, गाडी चालू करण्याआधी, तो व्होल्टवर ठेवून लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर ती रिकामी व्हायला आली. आता घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा क्षणभर खाली येणारच, पण भरलेली बॅटरीही साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती खरोखरच थकली आहे. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या काही गाड्यांत हा आकडा मुद्दाम कमी-जास्त केला जातो, म्हणून हेडलाइट लावूनही एकदा बघा. तरीही तो साडेबाराच्या वर सरकत नसेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र, किंवा त्याचा पट्टा तपासून घ्यावा.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी बॅटरी उतरतेय? मग गाडी बंद असताना कुणीतरी करंट खातंय. हा खरा चिवट रोग. थोडा करंट प्रत्येक गाडी खातेच: घड्याळ, सेंट्रल लॉक, संगणकाची स्मृती. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. पण डिकीतला ५ वॅटचा छोटा दिवा जळत राहिला तर तो सुमारे ४०० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास. लहान पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार दिवसांत बसली, तर त्यात नवल काय? आणि डिकी बंद केल्यावर तो दिवा आपल्याला दिसत नाही. मोबाइल व्हिडिओ रेकॉर्डिंगवर ठेवून डिकीत ठेवा, झाकण लावा आणि मग बघा.

करंट मोजायचा असेल तर मायनसची वायर काढून ती वायर आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये मीटर जोडायचा. लाल सुई १० अँपिअरच्या खोबणीतच हवी. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. गाडीतले संगणक झोपी जायला वेळ घेतात, आणि घाईत घेतलेला आकडा फसवतो. नंतरही करंट जास्तच राहिला, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा एकदम पडतो, चोर त्याच्याच लाइनवर आहे. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर यांच्यावर आधी संशय घ्या, कारण त्यांची वायर अनेकदा थेट बॅटरीवरून घेतलेली असते. फास्टॅगला मात्र दोष देऊ नका, तो गाडीच्या बॅटरीवर चालतच नाही.

आता पुण्यातल्या आपल्या सवयींबद्दल. सदाशिव पेठेतून मंडईत, तिथून बँकेत, मग घरी. दर वेळी सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो आणि पाच मिनिटांच्या प्रवासात ते भरून निघत नाही. घरासमोर दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवूनही फारसं साधत नाही. आठवड्यातून एकदा गाडी लोणावळ्याच्या रस्त्याला नेऊन आणा, नाहीतर रात्रभर चार्जर लावा. आणि जे आई-वडील तीन-तीन महिने मुलांकडे परदेशी जातात, त्यांना माझी कळकळीची विनंती: निघताना मायनसची वायर काढून ठेवा. निरोगी गाडीचे ५० मिलिअँपिअरही महिन्याभरात लहान बॅटरी रिकामी करतात. रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग कितीही चार्ज केलं तरी तिची ताकद पूर्ण परत येत नाही.

केबल लावून गाडी चालू करताना काळ्या केबलचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला लावू नका, त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, तिथे ठिणगी नको.

एवढं करून बॅटरीच खराब निघाली, तर नवी घेताना तिच्यावरचा बनवल्याचा महिना-वर्ष वाचा. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार चालू-बंद सोसणाऱ्या प्रकारची बॅटरीच घ्या, साधी त्यात टिकत नाही. जुनी भंगारवाल्याला देऊ नका, दुकानदाराकडेच परत करा.