घरी बांधलेल्या विमानाचा वेग वाढवायचा, तर हवा अडते कुठे ते आधी शोधा

नमस्कार. ज्या माणसाने आपल्या गॅरेजमध्ये आठ-दहा वर्षे खपून दोन आसनी विमान बांधले, ते सुखरूप उडवले, आणि आता इंजिन न बदलता तेच विमान थोडे अधिक वेगाने उडावे अशी ज्याची इच्छा आहे, त्या माणसाने नेमके काय करावे, हा आजचा विषय आहे. अमेरिकेत अशा विमानांचा संसार मोठा आहे. विमानाच्या बांधकामातला निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केला असेल, तर तिथे त्या विमानाची नोंद प्रायोगिक वर्गात होते आणि मालकाला त्यात बदल करण्याची बरीच मोकळीक मिळते. घरी बांधायच्या विमानांचे संच विकणाऱ्या एकट्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी बांधून उडवली आहेत. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान 2016 साली मुंबईतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात अनेकांनी पाहिले असेल. पण विमान बांधून झाल्यावरही वर्षानुवर्षे त्याच्या कडा घासत बसण्याचा नाद मुख्यतः तिकडचा, त्यामुळे आजची उदाहरणेही तिकडचीच आहेत.

प्रथम एक हिशेब मांडतो, कारण तो ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ पैसा वाया जातो. विमान वेगात असताना हवेचा अवरोध, ज्याला या क्षेत्रातले सगळेच ड्रॅग म्हणतात, तो साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या अवरोधाला पुरून उरण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ असा, की वेग 10 टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे 33 टक्क्यांनी वाढवावी लागेल. म्हणजे 150 अश्वशक्तीचे इंजिन काढून तिथे 200 अश्वशक्तीचे इंजिन बसवावे लागेल, आणि त्याचे जास्तीचे वजन, जास्तीचे इंधन आणि जास्तीची किंमत हे सगळे त्याच्यासोबत घरात येईल. हाच घन उलट्या बाजूनेही आपल्याला सोडत नाही. ड्रॅग 10 टक्क्यांनी कमी केला तरी वेग जेमतेम साडेतीन टक्क्यांनी वाढतो. ताशी 160 मैलांनी जाणारे विमान 165-166 वर पोहोचेल, एवढेच. म्हणून एखादी वस्तू बसवल्याबरोबर विमान ताशी 15 मैलांनी जोरात जाऊ लागले असे कोणी सांगितले, तर एक तर ते विमान आधी फारच ओबडधोबड असले पाहिजे, नाही तर मोजण्यात चूक झाली असली पाहिजे.

आता ही दोन दांडकी पाहा. डाव्या हातात साधा गोल पाइप आहे, आणि उजव्या हातात तेवढ्याच जाडीची, पण पुढून गोलसर आणि मागे निमुळती होत गेलेली, हलक्या लाकडाची पट्टी आहे. समोर घरातलाच स्टँडचा पंखा लावला आहे. लोकरीचा हा तुकडा मी पाइपच्या मागे धरतो. धागा सैरभैर होतो आहे, मध्येच उलटा वळून पाइपलाच चिकटतो आहे, कारण पाइपच्या मागे हवा भोवऱ्यांत अडकली आहे. तोच धागा पट्टीच्या शेपटीशी धरला की मागे सरळ आणि जवळपास शांत राहतो. हलक्या विमानांच्या वेगाला एवढ्या जाडीचा गोल पाइप निमुळत्या पट्टीच्या साधारण दहापट ड्रॅग निर्माण करतो. आपले मन नेहमी पुढच्या टोकाकडे जाते, नाक अणकुचीदार असले की झाले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात वस्तूच्या पुढे हवा फारशी कुरकुर करत नाही, ती बिघडते मागच्या बाजूला, जिथे तिला पुन्हा एकत्र यायचे असते.

हे तत्त्व शेवटच्या टोकाला नेऊन दाखवणारे विमान म्हणजे कॅलिफोर्नियातल्या माइक अर्नोल्ड यांनी स्वतः आखून बांधलेले एआर-5. त्याला 65 अश्वशक्तीचे रोटॅक्स इंजिन होते. चाके आत ओढून घेण्याची सोय नव्हती, ती कायम बाहेरच असत. तरीही 1992 साली या विमानाने 300 किलोंखालच्या वजनगटात ताशी 213 मैलांचा, म्हणजे सुमारे 343 किलोमीटरचा विक्रम केला. संपूर्ण विमानाचा ड्रॅग हवेला आडव्या धरलेल्या सपाट पाटीच्या भाषेत मांडला, तर तो 0.88 चौरस फुटांच्या आसपास भरत असे; म्हणजे जेमतेम 29 सेंटिमीटर बाजूची चौकोनी पाटी. शाळेतली जुनी दगडी पाटी डोळ्यांसमोर आणा आणि माणूस, पंख, चाके, इंजिन हे सगळे तिच्यामागे लपले आहे अशी कल्पना करा. अर्नोल्ड यांच्याकडे कुठलीही गुप्त युक्ती नव्हती. चाकांवरची आवरणे, चाकांना धडाशी जोडणाऱ्या पायांचे निमुळते आकार आणि विशेषतः जिथे दोन भाग एकमेकांना भेटतात तिथल्या वळणांवर त्यांनी जी चिकाटी खर्च केली, तिचे ते फळ होते.

दोन भागांच्या या भेटीवर थोडे थांबू. ज्या विमानाचा पंख खाली बसवलेला असतो, त्यात पंखाची मागची कड आणि विमानाचे धड जिथे मिळतात, तो कोपरा हवेच्या दृष्टीने अतिशय वाईट. तिथे पंखाचा वरचा पृष्ठभाग खाली उतरत जातो आणि त्याच वेळी धडही शेपटीकडे आत वळत जाते. हवेला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पसरावे लागते, ती मंदावते, आणि पृष्ठभाग सोडून देते. तिथे पुढे अरुंद आणि मागे रुंद होत जाणारी गोलाई, म्हणजे फेअरिंग, बसवली की हवेला ही उतरण सावकाश मिळते. चाकाचा पाय धडाला आणि चाकाच्या आवरणाला जिथे मिळतो, तिथेही हेच घडते. चाकांवर सुंदर आवरणे बसवून हे दोन सांधे उघडे ठेवणारे अनेक आहेत. ते निम्मे काम करून पूर्ण फळाची वाट पाहतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी मोठी गळती इंजिनाच्या झाकणात, म्हणजे काउलिंगमध्ये असते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात समोरून हवा घ्यायची, ती सिलिंडरांच्या पातळ पात्यांमधून खाली जाऊ द्यायची, आणि खालच्या फटीतून बाहेर सोडायची, अशी रचना असते. प्रवेशद्वार सगळे जण चकाचक करतात. बाहेर पडणारी हवा मात्र मंद वेगाने, आडव्या कोनात, धडाखालून वाहणाऱ्या प्रवाहात घुसते आणि त्याला बिघडवते. खरे काम तिथे आहे: बाहेर पडण्याची वाट हळूहळू अरुंद करून हवेचा वेग पुन्हा वाढवायचा आणि तिला मागच्या दिशेने सोडायचे. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या मेरेडिथ यांनी 1935 साली याच विचाराचे गणित मांडले होते, की थंड करणारी हवा तापून बाहेर पडताना तिच्याकडून थोडा धक्काही परत मिळवता येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालच्या रेडिएटरमागे हाच विचार होता. छोट्या विमानात तेवढे साधत नाही. पण इंजिनाभोवतीच्या रबरी पट्ट्या आणि पत्रा यांच्यातल्या फटी बुजवल्या, तर कमी हवेत तेवढेच इंजिन थंड राहते, आणि मग बाहेरची वाट थोडी लहान करता येते. हे तपासायला महाग यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून तिचे एक टोक सिलिंडरांच्या वर आणि दुसरे खाली जोडले, की दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीतला फरक हवेच्या दाबातला फरक सांगतो. बदल मात्र थोडा थोडा करावा आणि प्रत्येक वेळी सिलिंडरांचे तापमान पाहावे.

लोकरीच्या धाग्याचा प्रयोग प्रत्यक्ष विमानावर असाच होतो. बोटभर लांबीचे तुकडे एका टोकाला चिकटपट्टीने पंखाच्या मुळाशी, काउलिंगच्या तळाशी आणि चाकांच्या आवरणांवर ओळीने लावायचे, आणि शेजारून उडणाऱ्या विमानातून किंवा बाहेर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्याने चित्रण करायचे. जिथे धागे मागे सपाट पडले आहेत तिथे काही करू नये. जिथे ते थरथरतात, गोल फिरतात किंवा पुढे तोंड करतात, तिथे हात घालावा.

आता मोजणीबद्दल. कॉकपिटमधला वेगदर्शक काटा दोन दाबांतल्या फरकावर चालतो: समोरून नळीत शिरणाऱ्या हवेचा दाब, आणि धडाच्या बाजूवरच्या बारीक छिद्रातून मिळणारा स्थिर दाब. तुम्ही त्या छिद्राच्या पुढे नवी गोलाई बसवली, तर छिद्राजवळचा दाब बदलतो आणि विमान तसूभरही वेगाने न जाता काटा चार-पाच अंक पुढे सरकतो. या खोट्या यशावर पार्टी दिलेले लोक आहेत. म्हणून पहाटेच्या स्थिर हवेत, तीच उंची, इंजिनाचे तेच फेरे, इंजिनात शिरणाऱ्या हवेचा तोच दाब आणि शक्य तितके तेच वजन ठेवून तीन वेगवेगळ्या दिशांना सरळ उडायचे आणि जीपीएसवरचा जमिनीसापेक्ष वेग व मार्ग नोंदवायचा. या तीन जोड्यांवरून हवेतला खरा वेग आणि वारा हे दोन्ही गणिताने वेगळे करता येतात. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम पाळणे सर्वात कठीण जाते, कारण हँगरमध्ये शनिवार-रविवार मोकळा मिळाला की माणूस चार गोष्टी एकदम करून टाकतो.

पंखांच्या टोकांना वर वळवणारे विंगलेट दिसायला मोहक असतात, पण ते जो ड्रॅग कमी करतात तो मुख्यतः कमी वेगात आणि चढताना मोठा असतो; वेगाने सरळ उडणाऱ्या छोट्या विमानाला त्यांच्यापासून फारसे मिळत नाही. पंखावर बसवायच्या बारीक उभ्या पाकळ्या, म्हणजे व्होर्टेक्स जनरेटर, यांची गोष्ट वेगळी आहे. त्या वेग वाढवण्यासाठी नसतातच. पृष्ठभागालगतच्या थकलेल्या हवेत वरची ताजी हवा मिसळून त्या स्टॉल लांबवतात, म्हणजे पंखाचा आधार तुटण्याचा वेग खाली आणतात.

आणि इथे आपण अशा बदलांकडे येतो, जे विमानाचा स्वभावच बदलतात. अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या व्हॅरिईझ आणि लाँग-ईझ या विमानांत आडवी शेपटी मागे नसून छोटा पंख नाकाजवळ असतो. त्याला कॅनार्ड म्हणतात. या कॅनार्डचा मूळ छेदआकार, म्हणजे तो आडवा कापला तर दिसणारा आकार, ग्लासगो विद्यापीठात तयार झालेला होता, आणि कोरड्या हवेत तो उत्तम काम करी. पण त्याचे गुण पृष्ठभागावरून हवा अगदी गुळगुळीत वाहण्यावर अवलंबून होते. पावसाचे थेंब त्यावर मण्यांसारखे बसले, की तो गुळगुळीत थर लवकर विस्कटे, मागच्या भागात हवा सुटे, कॅनार्डची उचल घटे आणि विमानाचे नाक खाली जाऊ लागे. वैमानिकाला नियंत्रणाची दांडी मागे ओढून धरावी लागे. कॅनार्डच्या पुढच्या कडेवर चिरडलेले किडेही असाच त्रास देत. पुढे जॉन रॉन्झ यांनी, ज्यांनी 1986 साली न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानासाठीही छेदआकार आखले, या विमानांसाठी पावसाची फारशी पर्वा न करणारा नवा कॅनार्ड छेद तयार केला, आणि अनेकांनी जुना कॅनार्ड काढून तो बांधला.

या कथेत एक बारीक धोका दडलेला आहे. कॅनार्डचे विमान सुरक्षित असते, कारण वेग फार कमी झाल्यावर कॅनार्ड आधी हार मानतो, नाक आपोआप खाली येते आणि मुख्य पंख कधी स्टॉलपर्यंत पोहोचतच नाही. एखाद्याने पावसावर उपाय म्हणून नुसत्या कॅनार्डवर व्होर्टेक्स जनरेटर चिकटवले आणि त्याची उचलण्याची ताकद वाढवली, तर हा क्रम उलटू शकतो. मुख्य पंख आधी स्टॉल झाला तर नाक वर जाते, आणि तिथून विमान सोडवून आणणे फार अवघड असते. वस्तू एवढीशी, किंमत फुटकळ, चिकटवायला दहा मिनिटे. म्हणूनच सांभाळून.

वेग वाढल्यामुळे येणारा दुसरा धोका फ्लटरचा. हलणारे पृष्ठभाग, म्हणजे मागचे एलिव्हेटर, रडर आणि पंखांवरचे एलेरॉन, हे एका विशिष्ट वेगापलीकडे फडफडू लागले तर काही क्षणांत विमान मोडू शकते. एलेरॉनच्या मागच्या कडेला थोडी लुकण आणि रंगाचे दोन जास्तीचे हात चढले, तरी त्याचा तोल मागे सरकतो आणि तो वेग खाली येतो. तेव्हा घासून-रंगवून झाल्यावर प्रत्येक पृष्ठभाग बिजागरीवर ठेवून त्याचा तोल पुन्हा पाहावा. ड्रॅग कमी केलेले विमान खाली येताना आधीपेक्षा लवकर वेगदर्शकावरच्या लाल रेषेशी, म्हणजे कधीही न ओलांडायच्या वेगाशी, पोहोचते, पण ती रेषा तुमच्या फेअरिंगमुळे वर सरकत नाही. एलेरॉनच्या फटी पट्टीने बुजवणाऱ्यांनी पट्टी थंडीत आक्रसून किंवा सुटून दांडी अडकवणार नाही, याची खात्री जमिनीवरच दोन्ही टोकांपर्यंत दांडी फिरवून करावी.

बदल मोठा असेल, म्हणजे विमानाचे वजन, तोल, ताकद किंवा उडण्याची वागणूक यांवर त्याचा ठळक परिणाम होणार असेल, तर अमेरिकेतल्या मालकाला विमान वाहतूक प्रशासनाच्या स्थानिक कार्यालयाला तसे कळवावे लागते आणि विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात न्यावे लागते. ठरवून दिलेल्या क्षेत्रात, सोबत प्रवासी न घेता, किमान 5 तास. त्या तासांत पहिली चढाई पुरेशा उंचीपर्यंत करून तिथे सावकाश स्टॉल तपासायचा, मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवायचा, आणि शेवटी लॉगबुकात नव्याने मोजलेला स्टॉलचा वेग, सर्वोत्तम चढाईचे वेग, आणि चाचणीच्या वेळचे वजन व गुरुत्वमध्याची जागा लिहून खाली सही करायची.